फोन उचलला जातो, पण पाडा सापडत नाही!

जून २०२५ मध्ये मोखाडा तालुक्यातील एका आदिवासी बापाने आपल्या मृत अर्भकाचा देह पिशवीत घालून नाशिकहून एस. टी.ने सुमारे ८० किलोमीटर गावी आणला. पत्नीला कळा सुरू झाल्या तेव्हा १०८ ला फोन गेला होता. गाडी वेळेत आली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातील एक गर्भवती भगिनी सुसज्ज रुग्णवाहिकेअभावी सिल्वासाच्या वाटेवरच गेली. तारापूर औद्योगिक वसाहतीत ११ जानेवारी २०२० च्या स्फोटाने आठ जीव घेतले, तर २१ ऑगस्ट २०२५ रोजी एका औषध कंपनीतील वायुगळतीने चार कामगार मारले. दोन दिवस बातम्या, मदतीच्या घोषणा, मग सामसूम! मरणारे मात्र दर वेळी आदिवासी आणि कष्टकरीच.

या सर्व मरणांच्या मधोमध एक खुर्ची आहे. ती फोन घेणाऱ्याची आणि गाडी पाठवणाऱ्याची. तिच्याविषयी कोणी बोलत नाही, म्हणून आम्ही बोलतो आहोत.

१०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. तिचा नियंत्रण कक्ष पुण्यात, आणि चालवायला कंत्राटदार. पोलिसांचा ११२ हा क्रमांक २०२१ पासून सुरू आहे. तो फोन नवी मुंबईत किंवा नागपुरात उचलला जातो आणि माहिती पालघरच्या जिल्हा नियंत्रण कक्षाकडे येते. तिथला कर्मचारी जवळची गाडी शोधून तिला रवाना करतो. ठिकाण कोणते, घडले काय, माणसे किती, मोकळी गाडी कुठे, हे सर्व त्याने काही क्षणांत ठरवायचे असते. तेही पलीकडचा माणूस आक्रोश करीत असताना.

आता विचार करा. जव्हार-मोखाड्यात एक गाव म्हणजे डोंगरात विखुरलेले अनेक पाडे. पाटीलपाडा, डोंगरीपाडा ही नावे किती गावांत सापडतील! फोन करणारी बाई वारली बोलते. बोईसरचा कामगार बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाचा. त्याला शेठचे नाव ठाऊक असते, प्लॉट नंबर नसतो. पडद्यावर ठिकाणाचा ठिपका दिसेलही, पण पावसाळ्यात त्या ठिपक्यापर्यंत गाडी जाते की डोली करावी लागते, हे पडदा सांगत नाही. ते स्थानिक माणूसच सांगू शकतो. गाडी उशिरा आली की शिव्या मात्र फोन घेणाऱ्याला. गाड्या किती, डॉक्टर किती हे त्याच्या हाती नसते. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचाच हा प्रकार!

शासन म्हणेल, पैसा नाही. याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच देऊन ठेवले आहे. हकीम शेख हा पश्चिम बंगालचा शेतमजूर रेल्वेतून पडला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला दाखल करून घेतले नाही. त्याची संघटना, पश्चिम बंग खेत मजूर समिती, न्यायालयात गेली. न्यायालयाने सांगितले की तातडीचा उपचार नाकारणे म्हणजे घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भंग होय, आणि पैशाची अडचण ही सबब चालणार नाही. रुग्णवाहिकांची सोय करा, खाट कुठे रिकामी आहे हे कळवणारी मध्यवर्ती संपर्कव्यवस्था उभारा, असेही त्याच निकालात आहे. म्हणजे फोन घेणाऱ्याची ती खुर्ची ही शासनाची मेहेरबानी नव्हे, तो घटनात्मक हक्काचा भाग आहे!

कारखान्यांचेही तसेच. भोपाळच्या १९८४ च्या हत्याकांडानंतर कायदे बदलले. १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांनी जिल्हा आणि स्थानिक पातळीवर संकट गट नेमायला सांगितले. स्थानिक गटाने महिन्यातून एकदा बैठक घ्यायची आणि नागरिकाने मागितल्यास माहिती द्यायची, असा नियम आहे. कोणत्या प्लॉटमध्ये कोणते रसायन हे गाडी पाठवणाऱ्यालाच ठाऊक नसेल, तर तो अग्निशमनाच्या जवानाला कोणत्या तयारीनिशी पाठवणार? विषारी वायूत आंधळेपणाने उतरलेला मदतकर्ता हा पुढचा बळी ठरतो. आणि हे सर्व अणुऊर्जा केंद्राच्या शेजारी!

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. जिल्हा नियंत्रण कक्षात वारली, कातकरी बोली आणि हिंदी जाणणारे स्थानिक तरुण कायम पदांवर नेमा. पाड्यांची नावे, वाटा आणि पावसाळ्यात बंद पडणारे रस्ते यांची यादी ग्रामसभांकडून करवून घ्या. रसायनांची यादी त्या कक्षात ठेवा. फोन किती वाजता आला, गाडी किती वाजता पोचली, हे दरमहा जाहीर करा.

कार्यकर्त्यांचेही काम आहे. प्रत्येक घटनेत फोनची वेळ लिहून ठेवा. मोबाईलमधली नोंद पुसू नका. माहिती अधिकारात गाडीच्या वेळेची नोंद मागा. संकट गटाच्या बैठकांची इतिवृत्ते मागा. हकीम शेखच्या मागे संघटना उभी राहिली म्हणून देशाला तो निकाल मिळाला. मोखाड्याच्या त्या बापामागे कोण उभे राहणार?

चळवळीने उत्तर द्यायचे आहे, आणि ते कागदपत्रांनिशी द्यायचे आहे.