तीन महिन्यांत की तीन महिन्यांपुरते?

‘विदिन’ आणि ‘फॉर’ हे इंग्रजीतले दोन शब्द शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. कॉलेजात नोटीस लागते, फी सात दिवसांत भरा. याचा अर्थ सात दिवसांची फी भरा, असा कुणी घेत नाही. फी वर्षाची असते, सात दिवस ही ती भरण्याची मुदत. ‘विदिन’ मुदत सांगतो, ‘फॉर’ कालावधी सांगतो. मराठीत ‘तीन महिन्यांत’ आणि ‘तीन महिन्यांसाठी’ असे म्हटले की विषय संपतो.

आपल्या समाजात मात्र तो संपलेला नाही. जमातीच्या बैठकीत, नातेवाइकांच्या मध्यस्थीत आजही ऐकू येते, ‘इद्दतचा तीन महिन्यांचा खर्च दिला, आता तिचा काही हक्क नाही.’ वर पुस्ती जोडली जाते, ‘कायदाच तसा आहे.’

कायदा तसा नाही.

शाहबानो प्रकरण तुमच्यापैकी बहुतेकांच्या जन्माआधीचे, म्हणून थोडक्यात सांगतो. इंदूरच्या शाहबानोंना पतीने १९७८ मध्ये तलाक दिला. उच्च न्यायालयाने महिना १७९ रुपये २० पैसे पोटगी ठरवली. पती स्वतः वकील. तेवढ्या रकमेसाठी ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २३ एप्रिल १९८५ रोजी हरले. पुढे मोर्चे निघाले, सरकार नमले आणि १९८६ मध्ये घटस्फोटित मुस्लिम महिलांसाठी वेगळा कायदा आला. इद्दतनंतर पती मोकळा, असाच त्याचा अर्थ सर्वत्र लावला गेला. कायद्याचे समर्थक त्यामुळे खूश झाले, विरोधक संतापले. पण दोघांनीही वाचले ते ‘फॉर’.

प्रत्यक्षात तिसऱ्या कलमात काय आहे? पतीने घटस्फोटित पत्नीसाठी वाजवी आणि न्याय्य तरतूद करावी आणि पोटगी द्यावी, इद्दतच्या काळाच्या ‘विदिन’. त्याच कलमाच्या पुढच्याच पोटकलमात मुलांच्या संगोपनाबद्दल लिहिताना मात्र दोन वर्षांच्या काळा‘फॉर’ असा शब्द आहे. म्हणजे मसुदा लिहिणाऱ्यांना दोन्ही शब्द माहीत होते. जिथे कालावधी बांधायचा होता तिथे त्यांनी तो बांधला.

गुजरात आणि केरळच्या उच्च न्यायालयांनी हे १९८८ मध्येच ओळखले. आंध्र प्रदेशच्या उच्च न्यायालयाने उलट अर्थ लावला. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००० मध्ये महिलांच्या बाजूचा अर्थ मान्य केला. अखेर २८ सप्टेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने डॅनियल लतीफी खटल्यात वाद मिटवला. इद्दत संपण्याच्या आत पतीने तलाकशुदा पत्नीच्या पुढच्या आयुष्याची व्यवस्था करायची आहे. तीन महिन्यांपुरते हात झटकण्याची मुभा या कायद्यात कुठेच नाही. लतीफी हे शाहबानोंचे वकील. कायदा घटनाबाह्य ठरवा, अशी त्यांची मागणी होती, ती फेटाळली गेली. खटला हरूनही इतके मिळवून दिलेला वकील विरळाच.

शब्दांची आणखी एक गंमत यात आहे. सूरह बकरामधील ‘मताअ’ या शब्दाचा अर्थ तरतूद असा आहे, पोटगी असा नाही, असा युक्तिवाद शाहबानो खटल्यात पर्सनल लॉ बोर्डाने केला होता. तेव्हा न्यायालयाने हा फरक निरर्थक ठरवला. सोळा वर्षांनी याच फरकाने महिलांना आधार दिला. तरतूद वेगळी, पोटगी वेगळी, आणि पतीला दोन्ही लागू! ज्यांनी तो फरक मांडला त्यांना हे अपेक्षित नसावे.

म्हणून घरात, मोहल्ल्यात एखाद्या आपाला किंवा खालाला ‘तीन महिन्यांचे घे आणि गप्प बस’ असे कुणी सांगत असेल, तर त्यांच्यासमोर कलम ठेवा आणि त्यात ‘फॉर’ कुठे आहे ते दाखवायला सांगा. आवाज चढवायची गरज नाही. मोबाइलवर कायद्याचा मजकूर सहज मिळतो.

अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे करायचा असतो. रक्कम ठरवताना तिच्या गरजा, लग्न टिकून असतानाचे तिचे राहणीमान आणि पतीची ऐपत पाहिली जाते. मेहर आणि लग्नात मिळालेल्या वस्तू वेगळ्या, त्या या रकमेत जिरवता येत नाहीत. अर्जावर एका महिन्याच्या आत आदेश व्हावा असे कायदा सांगतो. इथेही शब्द ‘विदिन’च आहे, आणि न्यायालयांच्या तारखा पाहता तोही पाळायला लावावा लागतो. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालचा, म्हणजे आताच्या नागरिक सुरक्षा संहितेतल्या कलम १४४ चा मार्गही मुस्लिम महिलेला खुला आहे. वकिलाच्या फीची अडचण असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. महिलेला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.