टॉर्च वॉटरप्रूफ आहे, म्हणजे झालं?

परवा वडनेरला काका गोबरगॅसच्या रिकाम्या टाकीत वाकून म्हणाले, "तुही टॉर्च दे नं बे, पाहतो." खिशातली हजार लुमेनची, आयपी ६७ वाली मी काढलीही. मग हात मागे घेतला!

आयपी ६७ म्हणजे धूळ-पाणी आत जात नाही, बस. ठिणगीबद्दल तो आकडा अवाक्षर काढत नाही. आणि हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असला की एक ठिणगी पुरते. आमचे आयटीवाले मात्र लुमेनच मोजत बसतात.

इथे 'ईएक्स' खूण असलेलीच टॉर्च हवी, उजेड कमी का असेना. (ती असली तरी टाकीत उतरायचं नाही, गुदमरणं टॉर्चने थांबत नाही.) अशा उपकरणांना मंजुरी देणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. तरी दुकानदाराला विचारलं तर म्हणतो, "साहेब, पाण्यात टाकून दाखवू?"