वरीड की वरिंग?

माझी मावसबहीण ग्वाल्हेरला लष्करात राहते. (दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरून पडलेलं नाव हे, पलटणीशी संबंध नाही.) तिची लेक इथं बेळगावात हॉस्टेलवर. गेल्या पावसाळ्यात पोरीला ताप आला. तिला आमच्या घरी आणायला पालकांचं पत्र हवं, तेही इंग्रजीत. ताईनं लिहिलं आणि फोनवर वाचून दाखवलं, ‘आय अ‍ॅम अ वरिंग मदर...’

म्हटलं, “ताई, वरिंग म्हणजे दुसऱ्याला काळजीत टाकणारी. ताप वरिंग, तू वरीड.”

पुढं होतं ‘द कन्सर्न्ड ऑफिसर’. ही चूक आपली खास. मराठीत ‘संबंधित अधिकारी’, कन्नडात ‘संबंधपट्ट अधिकारी’. दोन्हीकडं विशेषण आधी, म्हणून इंग्रजीतही आपण ते आधीच ठेवतो. आपल्या कचेऱ्यांत ते खपतं. पण काटेकोर इंग्रजीत त्याचा अर्थ होतो काळजीत पडलेला अधिकारी! संबंधित म्हणायचं तर ‘द ऑफिसर कन्सर्न्ड’. काळजीतली आई मात्र ‘कन्सर्न्ड मदर’च.

‘अँक्शस’पाशी ताई अडली. ‘अँक्शस अबाउट हर’ म्हणजे तिची काळजी; ‘अँक्शस टू सी हर’ म्हणजे तिला भेटायची ओढ.

“मग दोन्ही लिही रे,” ताई म्हणाली. आवाज भरून आला होता.

दोन्ही लिहिलं. संध्याकाळी पोर घरी आली, पेज प्यायली आणि आईला फोन लावून बसली.