स्थूलता : थट्टा नव्हे, विकार

स्थूल माणसाची थट्टा करणे आपल्याकडे जणू शिष्टसंमतच होऊन बसले आहे. 'खादाडपणाचे फळ' असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु आपल्याच हैदराबादेतील राष्ट्रीय पोषण संस्थेत जोपासलेला उंदरांचा एक वंश आनुवंशिक बदलामुळे नेहमीच्याच खाद्यावर लठ्ठ होतो. मग सारा दोष मनुष्याच्या जिभेलाच कसा द्यावा?

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १९६१ प्रौढांपैकी काहींना सेमाग्लुटाइड या औषधाची सुई, तर इतरांना तशीच, पण औषध नसलेली सुई देण्यात आली. आहार-व्यायामाचा सल्ला सर्वांनाच होता. ६८ आठवड्यांनी पहिल्यांचे वजन सरासरीने सुमारे १५ टक्के घटले, दुसऱ्यांचे अवघे २.४ टक्के. मात्र औषध व सल्ला थांबल्यावर ज्यांची पुढे पाहणी झाली, त्यांचे घटलेले दोन-तृतीयांश वजन वर्षभरात परत आले! म्हणजे हा विकार निव्वळ उपदेशाने हटत नाही, आणि औषधानेही कायमचा जात नाही.

म्हणून 'झटपट बारीक व्हा' असे सांगणाऱ्या जाहिरातींना आपण चार प्रश्न विचारावेत : प्रयोग किती जणांवर केला? किती काळ? तुलना कोणाशी? उपाय थांबल्यावर पुढे काय? उत्तर न मिळाल्यास पैसा व प्रकृती दोन्ही सांभाळावीत. आणि वर्गातील स्थूल सोबत्यास हसण्याऐवजी त्यास आपल्यासवे खेळास न्यावे, असे आम्हांस वाटते.