दूरच्या नळाला गरम पाणी

यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी या गावांच्या जुन्या बाजारपेठांत व्यापारी कुटुंबांची अनेक घरे एकाच धाटणीची दिसतात. रस्त्याकडे दुकान, त्यामागे गोदाम, पुढे चौक, बैठक, स्वयंपाकघर आणि सर्वांत शेवटी, विहिरीच्या आसपास, न्हाणीघर. ही घरे बांधली गेली तेव्हा पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब न्हाणीघराच्या दाराशीच असे. तोटी सोडली की कढत पाणी थेट घंगाळात पडे. पाणी जेथे लागे, तेथेच ते तापत असे.

पुढे बंब अडगळीत गेला. त्याच्या जागी आलेला गीझर किंवा सौर बंब मात्र सोयीच्या ठिकाणी बसला. कोठे पुढील भागातील नव्या बाथरूममध्ये, तर कोठे गच्चीवर. मागच्या न्हाणीघरापर्यंत लोखंडी नळी ओढली गेली, आणि नळ सोडून थंडीत उभे राहण्याचा नित्यक्रम सुरू झाला.

या प्रतीक्षेचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. रात्रभरात नळी पूर्ण थंड होते. म्हणून पहाटे सर्वांत आधी स्नान करणाऱ्याला सर्वांत जास्त थांबावे लागते. मंदिरात पूजेला जाण्यापूर्वी स्नान करणारी आजी किंवा आजोबाच बहुधा ती पहिली व्यक्ती असते. मागून येणाऱ्या तरुणांना नळी तापलेली मिळते, त्यामुळे घरात काही अडचण आहे हेच त्यांच्या ध्यानी येत नाही. वडीलधारी माणसे तक्रार करीत नाहीत. कोमट पाण्यावर भागवितात.

नळीतला हिशेब

व्यापारी माणसाला हा प्रश्न चटकन उमगेल. गोदामातून निघालेला माल दुकानात पोहोचेपर्यंत वाटेत जितका माल असतो, तितके पाणी नळीत असते. पाऊण इंची लोखंडी नळीत दर मीटरला सुमारे ०.३७ लिटर पाणी मावते. अंतर २० मीटर असेल, तर सात लिटरांहून अधिक गार पाणी पुढे सरकल्याशिवाय गरम पाणी नळाशी येत नाही. शिवाय एवढ्या नळीचे लोखंडच तीस किलोंच्या आसपास भरते आणि तेही तापावे लागते. ते तापविण्यास लागणारी उष्णता साडेतीन लिटर पाण्याइतकी असते. म्हणजे प्रत्यक्षात दहा-अकरा लिटर पाणी वाहून गेल्यावरच हाताला ऊब लागते. नळातून मिनिटाला सहा लिटर पाणी येत असेल, तर जवळजवळ दोन मिनिटे गेली.

स्नान आटोपल्यावर तीच नळी कढत पाण्याने भरलेली राहते आणि तासा-दोन तासांत निवते. हिवाळ्यात अशा एका वेळेस जवळजवळ अर्धा युनिट विजेची उष्णता भिंतीत मुरते.

प्रतीक्षा वर्षागणिक वाढत असेल, तर नळीच्या आत क्षार बसले असण्याचा संभव आहे. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी तापले की चुनखडीसारखा थर धरते. नळीचा मार्ग अरुंद होतो आणि धार बारीक होते.

वाहून जाणारे पाणी

यवतमाळ शहराने २०१८ चा उन्हाळा अनुभवला आहे. निळोणा आणि चापडोह या जलाशयांनी तळ गाठला, नळाला अनेक दिवसांच्या अंतराने पाणी येऊ लागले आणि टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसावे लागले. हिवाळ्यात मोरीत गेलेले पाणी उन्हाळ्यात परत येत नाही. श्रावकाचारात तर निष्कारण पाणी सांडणे हे प्रमादचर्या या नावाने अनर्थदंडात गणले आहे. येथे कोणाचाही हेतू वाईट नसतो. केवळ लक्ष नसते, आणि दोष आहे तो तेवढाच.

खर्चाविना होणारे उपाय

पहिला उपाय जुन्या पद्धतीतच आहे. कढत पाण्यात विसण घालण्याची रीत घरोघरी होती. आज पुष्कळ ठिकाणी गरम नळाचे सुरुवातीचे गार पाणी मोरीत सोडले जाते आणि मग कढत पाण्यात विसणासाठी दुसरा, थंड पाण्याचा नळ उघडला जातो. त्याऐवजी प्रथमपासूनच नळाखाली बादली ठेवावी. वीस लिटरांच्या बादलीत आलेले आरंभीचे गार पाणी हेच विसण ठरते. त्यावर कढत पाणी पडले की स्नानयोग्य पाणी तयार होते. एक थेंबही वाया जात नाही.

दुसरा उपाय क्रमाचा. घरातील स्नाने लागोपाठ आटोपली, तर नळी एकदाच तापवावी लागते. ज्यांची घाई नाही अशा एखाद्या तरुणाने पहिला क्रमांक घ्यावा आणि तापलेली नळी आजोबांच्या हाती द्यावी. यात सोयही आहे आणि सेवाही.

थोड्या खर्चाचे उपाय

उघड्या नळीवर फोमचे किंवा रबराचे वेष्टन चढविल्यास पाणी उशिरा निवते. मात्र त्याचा लाभ दुसऱ्या-तिसऱ्या व्यक्तीला होतो. पहाटेच्या पहिल्या स्नानाला फारसा होत नाही.

खरा फरक पडतो तो नळी बदलल्याने. गरम पाण्यासाठी चालणाऱ्या अर्ध्या इंची सीपीव्हीसी नळीत दर मीटरला केवळ ०.१२ लिटर पाणी मावते. २० मीटरला अडीच लिटरही होत नाही, आणि तापविण्यास लोखंडही नसते. दोन मिनिटांची प्रतीक्षा अर्ध्या मिनिटावर येते. मात्र ही नळी त्या एका न्हाणीघरासाठीच स्वतंत्र असावी आणि जवळच्या मार्गाने न्यावी. टाकी नळापेक्षा तीन-चार मीटर उंच असल्यास बादली भरण्याइतकी धार मिळते. शॉवरला ती कमी पडेल.

अंतर फारच मोठे असेल, तर बंबाची जुनी नीतीच पुन्हा स्वीकारावी आणि दूरच्या न्हाणीघरात लहान गीझर बसवावा. तीन किलोवॅटच्या गीझरला तेरा अँपिअर वीज लागते. जुन्या घरातील बारीक तारांवर तो भार टाकू नये. बोर्डापासून स्वतंत्र तार, एमसीबी आणि उत्तम अर्थिंग करून घ्यावे. गॅस गीझर बंद न्हाणीघराच्या आत कदापि बसवू नये; त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही आणि प्राणघातक ठरतो.

आणखी एक सावधगिरी. बराच वेळ गार पाणी येऊन एकाएकी कढत धार लागली, तर वृद्धांची व बालकांची त्वचा भाजते. ६० अंशांचे पाणी त्यासाठी काही सेकंदच घेते. गीझरचे तापमान ५० अंशांच्या आसपास ठेवावे. सौर बंबाचे पाणी याहून पुष्कळ तप्त असू शकते. तेथे बादलीत हात घालून पाहिल्याशिवाय अंगावर घेऊ नये.

प्लंबरला बोलावण्यापूर्वी एका पहाटे मागच्या नळाखाली बादली ठेवावी आणि हाताला ऊब लागेपर्यंत किती लिटर पाणी आले, किती वेळ गेला, हे लिहून काढावे. तो आकडा हाती असला की कोणता उपाय परवडेल हे आपोआप ठरते. दिवाळीच्या साफसफाईत भिंती रंगविण्याचे काम निघतेच. नळी बदलायची असेल तर ती रंगापूर्वी बदलावी, म्हणजे थंडी पडेल तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांना नळाशी कुडकुडत उभे राहावे लागणार नाही.