‘शू आली’ या वाक्याची दखल कोणी घ्यायची?

मराठी वृत्तपत्रांच्या वाचक-पत्रव्यवहारात एक पत्र ठरावीक काळाने छापून येते. लिहिणारा बदलतो, गाव बदलते. मजकूर सहसा बदलत नाही. शिकलेली दिसणारी एक बाई भर रस्त्यात, गटाराच्या कडेला, दोन-अडीच वर्षांच्या मुलाला शूला बसवत होती; पत्रलेखकाने हटकले तेव्हा ती उलट बोलली; घरूनच उरकून निघायला या बायकांना काय होते? मग स्वच्छतेवर दोन वाक्ये, परदेशावर एक, आणि शेवटी ‘हल्लीच्या आया’ या विषयावरचे भाष्य. अशा पत्राला ‘संस्कारांचा अभाव’ या धर्तीचा मथळा देण्याचा मोह उपसंपादकाला आवरत नाही.

आपण साहित्याची माणसे आहोत. वाक्यात कर्ता कोण आणि कोणाला वाक्याबाहेर ठेवले आहे, हे पाहायला आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. तेवढे शिक्षण या पत्राला लावून पाहू. पत्रातला कर्ता बाई आहे. मूल हे कर्म आहे, त्याला ‘बसवले’ जाते. मुलाचा बाप या पत्रात कुठेच नसतो. नगरपालिका नसते. रस्त्याच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत मुतारी होती की नव्हती, याबद्दल पत्र मूक असते. ती असती तर बाई गटाराच्या कडेला का आली असती, हा प्रश्न पत्रलेखकाला पडत नाही, कारण त्याला स्वतःला ती कधी शोधावी लागलेली नसते. त्याला कुठलीही भिंत पुरते.

‘घरूनच उरकून निघावे’ हा सल्ला तर निव्वळ अज्ञानातून आलेला आहे. लहान मुलाच्या मूत्राशयात किती मावते याचा बालरोगतज्ज्ञ एक ढोबळ हिशोब मांडतात : वयाच्या वर्षांत दोन मिळवायचे आणि तीसने गुणायचे, म्हणजे मिलिलिटरमधला अंदाज मिळतो. दोन वर्षांच्या मुलासाठी हा आकडा 120 येतो. एक कप चहा. त्यात भर अशी की, या वयात लागल्याची जाणीव आणि प्रत्यक्ष होणे यांच्यामध्ये फारसा अवधी नसतो. रोखून धरण्याचे नियंत्रण दीड वर्षांपासून पुढे हळूहळू येऊ लागते आणि पक्के व्हायला पुष्कळ मुलांना तीन-चार वर्षांचे व्हावे लागते. म्हणजे मूल जेव्हा ‘शू आली’ म्हणते तेव्हा ते परवानगी मागत नसते, बातमी देत असते. घरून निघताना केलेली शू आणि एस.टी. स्टँडवर पोचेपर्यंत प्यायलेले पाणी यांचे गणित संस्कारांनी सुटत नाही. उलट, दटावून रोखून धरायला लावलेल्या मुलाला बद्धकोष्ठ आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांचा त्रास होऊ शकतो, हे कोणताही बालरोगतज्ज्ञ सांगेल.

मग ती बाई काय करते? पिशवीत दोन जादा चड्ड्या, जुने वर्तमानपत्र, प्लास्टिकची पिशवी आणि पाण्याची बाटली घेऊन निघते. ओळखीच्या दुकानदाराकडे जाते. हॉटेलात शिरते आणि मोरी वापरू द्यावी म्हणून नको असलेला चहा मागवते. पैसे देऊन वापरायच्या शौचालयात गेली तर आतले भांडे मोठ्या माणसाच्या मापाचे. दोन वर्षांच्या मुलाचे पाय त्या दोन पायठशांवर पोचत नाहीत. मधले भोक त्याला विहिरीसारखे दिसते. दिवा गेलेला असतो, फरशी ओली असते. मूल किंचाळते आणि नेमके त्या क्षणी होईनासे होते. बाहेर आले की दोन मिनिटांत होते, पायरीवर. हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना समजावायला नको, आणि ज्यांनी अनुभवलेले नाही तेच पत्रे लिहितात.

‘डायपर लावा’ हे या वादातले आधुनिक उत्तर. प्रवासात ते कामाचे आहे यात वाद नाही; पण सवय लागत असलेल्या, स्वतःहून सांगू लागलेल्या मुलाला बाहेर पडताना पुन्हा डायपरात कोंबणे म्हणजे त्याने नुकतेच शिकलेले वाक्य निरर्थक करणे. शिवाय डायपर जातो कुठे? 2016 च्या घनकचरा नियमांनी वापरलेला डायपर वेगळा गुंडाळून द्यायला सांगितले होते. प्रत्यक्षात तो उघड्या कचऱ्यात पडताना दिसतो आणि कचरा वेचणारीच्या हाताखाली येतो. रस्त्याकडेला झालेली शीदेखील कोणीतरी उचलतेच. त्या ‘कोणीतरी’ची जात कोणती असण्याचा संभव अधिक, हे आपल्याला ठाऊक आहे. लहान मुलाची शी ‘निर्दोष’ असते ही समजूतही खोटी. रोगजंतूंच्या बाबतीत ती मोठ्यांच्या विष्ठेपेक्षा कमी घातक नसते. तेव्हा माझे म्हणणे रस्ता चालेल असे नाही. रस्ता मुळीच चालणार नाही, म्हणूनच त्या बाईला रस्त्यावर आणणाऱ्या व्यवस्थेबद्दल बोलले पाहिजे.

आणि हे कोणाला जमलेलेच नाही असे समजण्याचे कारण नाही. 1999 पासून पुण्यात झोपडवस्त्यांसाठी महापालिकेने सामुदायिक शौचालये बांधवून घेतली. त्यांतली बरीच ‘स्पार्क’, ‘नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन’ आणि ‘महिला मिलन’ या तीन संघटनांनी मिळून उभारली. ‘महिला मिलन’ म्हणजे मुंबईत भायखळ्याच्या पदपथांवर राहणाऱ्या बायकांमधून उभी राहिलेली संघटना. नकाशा काढताना बायकांनी सांगितलेली गोष्ट अशी : सकाळच्या रांगेत मोठी माणसे लहान मुलांना मागे ढकलतात, मुलांना अंधाराची आणि मोठ्या भोकाची भीती वाटते, म्हणून ती शौचालयाच्या दारातच बसतात. यावर त्यांनी संस्कारवर्ग काढले नाहीत. मुलांसाठी वेगळी जागा काढली. भांडे लहान, भोक लहान, धरायला दांडी. नव्या शौचालयाच्या उद्घाटनाला जत्रेचे रूप देऊन त्यांनी ‘संडास मेळा’ भरवला. अर्जुन अप्पादुराई यांनी 2001 साली ‘डीप डेमॉक्रसी’ या निबंधात या मेळ्यांची चिकित्सा केली, तेव्हा जगभरच्या विद्यापीठांत त्यांची चर्चा झाली. अप्पादुराईंना ‘जागतिकीकरणाचे अभ्यासक’ म्हणून आपण चर्चासत्रांत उद्धृत करतो. त्यांच्या या निबंधातला संडास मात्र आपल्या चर्चासत्रांत येत नाही. (चर्चासत्राच्या जागी तो असतो तेव्हा बहुधा कुलूपबंद असतो, हा भाग वेगळा.)

अक्षरओळखही बेताचीच असलेल्या बायकांना जे सुचले ते आपल्या सांस्कृतिक भवनांच्या वास्तुरचनाकारांना आणि विश्वस्तांना का सुचू नये? एक तपशील मला फार बोलका वाटतो. आपल्या काही नाट्यगृहांत रडणाऱ्या मुलांना घेऊन बसण्यासाठी मागे काचेची खोली असते. म्हणजे बांधणाऱ्यांनी मुलाचा विचार केला होता. पण तो आवाज म्हणून केला होता. मुलाला गळा असतो हे त्यांना माहीत होते, मूत्राशय असते हे नव्हते. काचेमागे बसलेल्या बाईने नाटकाच्या दुसऱ्या अंकात मुलाला घेऊन जायचे कुठे, याचे उत्तर त्या नकाशात नाही.

आमच्या एम.ए.च्या वर्गात काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी होती. लग्नानंतर सहा वर्षांनी शिक्षणाकडे परतलेली, वाचन चांगले, प्रश्न त्याहून चांगले. बाहेरच्या व्याख्यात्यांच्या व्याख्यानांना ती दोन वर्षांच्या मुलाला घेऊन येई, कारण संध्याकाळी त्याला ठेवणार कुठे? ती नेहमी दाराजवळ बसायची. व्याख्यान रंगात आले की मूल तिच्या कानाशी लागे, ती पदर सावरत उठे, आणि आम्ही सारे (व्यासपीठावरचे वक्ते धरून) किंचित कपाळाला आठी घालत असू. त्या सभागृहाचे स्वच्छतागृह दोन मजले खाली होते आणि त्याची किल्ली शिपायाकडे. परत यायला तिला वीस मिनिटे लागत. तिसऱ्या व्याख्यानानंतर ती यायची थांबली. त्या मालेचा विषय ‘स्त्रीवादी समीक्षा : नव्या दिशा’ असा होता.

कायद्याने तरी मुलाची आई कामावर असते हे गृहीत धरले. 1948 च्या कारखाना कायद्याने तीसहून अधिक स्त्रिया असतील तेथे पाळणाघराची तरतूद केली. 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला ती लावली. अंमलबजावणीबद्दल न बोललेले बरे. पण मुलाची आई श्रोता असू शकते, वाचक असू शकते, ग्रंथालयात तीन तास बसू शकते, ही कल्पना कायद्याला शिवलेली नाही आणि साहित्यसंस्थांनाही. मुंबईत 2011 पासून ‘राइट टू पी’ या चळवळीने एक साधा प्रश्न विचारला : पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, असे का? त्या प्रश्नावरही आधी हसू उमटले. मुलाचा प्रश्न त्याच्या पुढचा. तिथे हसूदेखील उमटत नाही, कारण प्रश्न ऐकूच जात नाही.

ऐकू का जात नाही, याचे एक कारण भाषेत आहे. या क्रियेसाठी आपल्याकडचे सभ्य शब्द पाहा. ‘लघुशंका’. मोठ्या माणसाला शंका येते, तिचे निरसन सवडीने करता येते. मुलाला शंका नसते, खात्री असते. ‘परसाकडे’, ‘बहिर्दिशा’ हे दिशावाचक शब्द. त्यांना घर, परस आणि गावाबाहेरचे मोकळे रान लागते. ‘प्रसाधनगृह’ हा शब्द तर तिथे लोक भांग पाडायला जातात असे भासवतो. आणि या सर्वांच्या तळाशी ‘शू’. आई मुलाला दोन पायांवर बसवून ओठांतून जो आवाज काढते, तोच आवाज शब्द झाला आहे. मराठीत इतका थेट, क्रियेपासून न तुटलेला शब्द दुसरा चटकन सांगता येणार नाही. पण तो बोबडा म्हणून आपण शिष्ट गद्याबाहेर ठेवला. ज्या गरजेला सार्वजनिक भाषेत शब्द नाही, तिच्यासाठी सार्वजनिक नकाशात खोली कशी निघणार?

दुसरे कारण आपल्या काव्यशास्त्रात सापडेल. भरताने आठ रस सांगितले, त्यांत वत्सल नाही. बीभत्स आहे, आणि त्याच्या एका प्रकाराचे कारण म्हणून विष्ठेचा स्पष्ट निर्देश आहे. चौदाव्या शतकात विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त वत्सलाला रसाचा मान दिला, तेव्हा मूल आले ते धुऊन-पुसून, दुडदुडत, बोबडे बोल बोलत आले. वात्सल्य एका खोलीत आणि जुगुप्सा दुसऱ्या, अशी ही वाटणी आम्ही आजही परीक्षेत लिहून घेतो. आईच्या दिवसात मात्र ही दोन्ही एकाच बादलीत असतात. जिला मूल आवडते तिलाच त्याचे धुवायचे असते, आणि धुताना तिला किळस येत नाही असे नाही. ती येऊनही हात थांबत नाही. या अनुभवाला आपल्या रसव्यवस्थेत जागा नाही. 1972 मध्ये ‘गोलपिठा’ने मराठी कवितेच्या अंगणात घाण आणून ओतली आणि अभिजनांची झोप उडवली, ते योग्यच झाले. पण ती वस्तीची, शोषणाची घाण होती. प्रत्येक मध्यमवर्गीय घराच्या मोरीत रोज जी धुतली जाते तिला मात्र ‘घरगुती’ हा शिक्का बसला, आणि घरगुती म्हणजे क्षुल्लक हे समीकरण समीक्षेने कधी तपासले नाही.

आक्षेप येतील. पहिला : अजून मोठ्यांसाठीच शौचालये पुरत नाहीत, मुलांचे लाड कुठे? पुण्यातल्या वस्तीतल्या बायकांनी हा क्रम मानला नाही, कारण मुलांची सोय केली नाही तर मोठ्यांचे शौचालयही दारातूनच घाण होते, हे त्यांना रोज दिसत होते. दुसरा आक्षेप अधिक सोवळा आहे : साहित्यिक कार्यक्रमांना मुले आणूच नयेत, निमंत्रणपत्रिकेवर तसे छापावे. छापतातच. या ओळीमुळे मूल घरी राहते असे छापणाऱ्यांना वाटते. घरी मुलाबरोबर त्याची आईही राहते. बाप येतो, पहिल्या रांगेत बसतो, आणि चहाच्या वेळी ‘बायका हल्ली वाचतच नाहीत’ या चर्चेत भाग घेतो.

बापावरून आठवले. आमचे एक सहकारी आपल्या तीन वर्षांच्या मुलीला एकटे बाहेर नेण्याची हिंमत करतात. तिला लागली की त्यांच्यापुढे दोन दारे असतात. पुरुषांच्या दारामागे ओळीने उभी माणसे, बायकांच्या दारापाशी संशयाने पाहणाऱ्या नजरा. मूल सांभाळणारा पुरुष ही शक्यताच या दोन दारांनी विचारात घेतलेली नाही. तिसरे दार, कुणीही मूल घेऊन जाऊ शकेल असे, खाली लहान भांडे आणि शेजारी बसायला कट्टा असलेले, हे काही प्रचंड खर्चाचे बांधकाम नव्हे. एका संमेलनाच्या मंडपातल्या स्वागतकमानीला येतो त्याहून कमीच खर्च येईल.

साहित्य संमेलनांत दरवर्षी ठराव मंजूर होतात : सीमाप्रश्न, मराठी शाळा, ग्रंथालयांची अनुदाने. त्यांच्या जोडीला पुढच्या वेळी एक ठराव कुणीतरी मांडावा, सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांसह. मंडपाच्या नकाशात ग्रंथदालन, भोजनकक्ष आणि वाहनतळ जसे दाखवतात, तशीच मुलांची शूची जागा दाखवावी, आणि पाटीवर ‘प्रसाधनगृह’ असे न लिहिता ‘शू’ असेच लिहावे.