नाणेघाटाचा रांजण आणि मुक्कामाचा कर

१/ नाणेघाटाच्या माथ्यावर एक दगडी रांजण आहे. सातवाहनकाळात कल्याण-सोपाऱ्याकडून जुन्नरला येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात जमा होई, असे परंपरा सांगते. जुन्नर-आंबेगावात मुक्कामी पाहुण्यांवर कर असावा, असे म्हणणाऱ्यांना हा रांजण आयताच पुरावा वाटतो. प्रत्यक्षात तो त्यांच्याच विरुद्ध साक्ष देतो.

२/ जकात ही मालावर आणि वाटेवर बसते. घाट चढणाऱ्या बैलाच्या पाठीवरचे ओझे तिला दिसते. माथ्यावर विसावलेल्या वाटसरूची झोप तिच्या हिशेबात येत नाही. रांजणाचा दाखला द्यायचाच, तर तो वाटेवरच्या कराचा द्यावा.

३/ मग थांबणाऱ्याची सोय कोणी केली? याच घाटातील पाण्याच्या एका टाक्यावर वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या तेराव्या राज्यवर्षातील लेख आहे. दाता कामवनचा गृहस्थ दामघोष. म्हणजे जिथे जकात घेतली गेली असे आपण मानतो, तिथेच पाणी मात्र दानातून मिळाले.

४/ जुन्नरच्या लेण्यांतही हेच दिसते. यवन इरिल दोन टाकी देतो, यवन चिट भोजनमंडप देतो, नहपानाचा अमात्य अयम वर्ष ४६ मध्ये टाके आणि मंडप देतो. लेण्यांतील ही दाने मुख्यतः भिक्षुसंघासाठी होती, हे मान्य. तरीही बाहेरून आलेल्या माणसांनी या भूमीत पाणी आणि निवारा उभा केला, हे शिलालेखांनीच नोंदवले आहे.

५/ आता वर्तमान. पावसाळी रविवारी सकाळी गाडीने येणारा, घाटात कचरा टाकून सायंकाळी परतणारा पर्यटक मुक्कामाच्या करातून पूर्ण सुटतो. आंबेगावातील आहुप्यासारख्या गावात एखाद्या घरी उतरून पिठलं-भाकरी खाणारा, गावातलाच वाटाड्या घेणारा मात्र त्यात सापडतो. जो गावाला पैसा देतो त्यालाच दंड, हा कुठला न्याय?

६/ शिवाय हॉटेलातील खोलीवर जीएसटी आहेच. दिवसाला १,००० रुपयांपर्यंतच्या खोलीला असलेली सूटही १८ जुलै २०२२ पासून गेली. त्यावर आणखी एक स्थानिक कर आला, तर त्याचा भार सर्वांत आधी दोन खोल्यांच्या घरगुती मुक्कामावर पडेल.

७/ ‘मग स्वच्छतेला पैसा कुठून आणायचा?’ हा प्रश्न रास्त आहे. व्हेनिसमध्ये मुक्कामाचा कर होताच. तरी दिवसापुरती येणारी गर्दी त्याच्या कक्षेबाहेर राहिली. अखेर एप्रिल २०२४ मध्ये त्या शहराने ठरावीक दिवशी एकदिवसीय पाहुण्यांसाठी ५ युरो प्रवेशशुल्क सुरू केले. मुक्कामी पाहुण्यांना त्यातून वगळले.

८/ उपाय आपल्या घाटातच आहे. शुल्क वाहनतळावर, वाहनागणिक घ्यावे. ते त्याच गावाच्या शौचालयांवर, कचऱ्यावर आणि प्राचीन टाक्यांच्या निगेवर खर्चावे. हिशेब ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.

९/ २०१८ मध्ये जुन्नर पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. पर्यटन म्हणजे माणूस थांबणे. रांजण वाटेवर ठेवा. पाहुण्याच्या उशाशी नको.